रस्ता अडवल्यानंतर काय? ब्रिटिश डाव्यांचं नव्वद वर्षं चाललेलं भांडण

४ ऑक्टोबर १९३६ च्या रविवारी लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, म्हणजे ज्यू आणि गरीब कामगारांच्या वस्तीत, लोकांनी ऑस्वल्ड मोझलीच्या काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांचा मोर्चा अडवला. डाव्यांच्या सभांमध्ये केबल स्ट्रीटची ही गोष्ट एकजुटीचा नमुना म्हणून सांगितली जाते. त्या आठवड्यातले निर्णय एकेक करून पाहिले, तर एकजूट शोधावी लागते.

मजूर पक्षाच्या बाजूचं ‘डेली हेराल्ड’ लोकांना घरी थांबा म्हणत होतं. ईस्ट एंडचा सर्वांत लाडका मजूर खासदार जॉर्ज लान्सबरी याचाही सल्ला हाच. ब्रिटिश ज्यूंचं बोर्ड ऑफ डेप्युटीज सांगत होतं की रस्त्यावर उतरू नका, नाहीतर बदनामी आपलीच होईल. ज्यू पीपल्स कौन्सिलने मोर्च्यावर बंदी घाला म्हणून काही दिवसांत जवळजवळ एक लाख सह्या गोळा केल्या, त्या गृहमंत्र्यांनी बाजूला सारल्या. कम्युनिस्ट पक्षाने तर त्याच दिवशी ट्रफाल्गर चौकात स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी सभा ठेवली होती. पक्षाच्या ईस्ट एंडमधल्या स्टेपनी शाखेचा सचिव जो जेकब्ज याला वरून आलेला पहिला निरोप साधारण असा होता : मोझलीला जायचं असेल तर जाऊ द्या, गोंधळ करू नका, लोकांना तयार करायला वेळ उरलेला नाही. रस्ता अडवा अशी हाक आधी दिली ती इंडिपेंडंट लेबर पार्टीने. कम्युनिस्ट पक्षाने भूमिका बदलली ती मोर्च्याला जेमतेम तीन-चार दिवस उरले असताना. तीसुद्धा खालून इतका रेटा आला की सभेला जा म्हणणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांचं कुणी ऐकेना, म्हणून. ट्रफाल्गर चौकाची छापून तयार असलेली पत्रकं टाकून द्यायला वेळ नव्हता. त्यांच्यावरच नवा मजकूर छापला : सभेची जागा बदलली आहे, दुपारी दोनला ऑल्डगेटला या.

हे तपशील सांगायचं कारण असं की ‘आक्रमक फॅसिस्टविरोध’ या विषयावरचं डाव्यांचं भांडण नेहमी हिंसा विरुद्ध अहिंसा असं मांडलं जातं. ब्रिटनपुरतं बोलायचं तर ती मांडणी अपुरी आहे. भांडण मुख्यतः दोन गोष्टींवर होतं आणि आजही आहे. समोर जाऊन उभं राहायचं हा निर्णय कुणी घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्या वस्तीत काम कोण करणार. माझं मत आधीच सांगून टाकतो : जिथे निर्णय वस्तीने घेतला आणि नंतरचं काम झालं, तिथे समोर उभं राहणं योग्य होतं आणि उपयोगीही. जिथे मूठभरांनी ते आपलं खास काम करून घेतलं, तिथे नुकसान झालं, आणि ते बहुतेक वेळा भलत्यांनीच सोसलं.

केबल स्ट्रीटला नेमकं काय झालं, ते आधी पाहू. मोझलीची माणसं रॉयल मिंट स्ट्रीटवर जमली, दोन-तीन हजार. त्यांना वाट करून द्यायला सहा हजारांहून जास्त पोलीस. विरोधकांचे आकडे एक लाखापासून तीन लाखांपर्यंत सांगितले जातात. ऑल्डगेटजवळचा गार्डिनर्स कॉर्नर माणसांनी इतका भरला की घोडेस्वार पोलिसांनाही वाट काढता येईना, त्यात एका ट्रामचालकाने चौकातच ट्राम सोडून दिली आणि मागच्या सगळ्या अडकल्या. मग पोलिसांनी दक्षिणेकडचा पर्याय घेतला, म्हणजे केबल स्ट्रीट. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरं. तिथे अडथळ्यांची तयारी आधीच झालेली होती. कम्युनिस्ट कार्यकर्ता फिल पिरातिन याच्या आठवणींत एक बारकावा आहे. आडवी टाकायला एक जुनी लॉरी मुद्दाम आणून ठेवली होती, इशारा होताच लोकांनी ती सोडून जवळची भलतीच लॉरी उलटवली. वरच्या मजल्यांवरून बायका हाताला येईल ते पोलिसांवर फेकत होत्या. घोड्यांच्या खुरांखाली गोट्या टाकल्या गेल्या. आयरिश गोदी कामगार ज्यूंच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ज्यू आणि आयरिश यांचं त्या भागात एरवी फारसं सख्य नव्हतं, म्हणून याचं मोल मोठं. शेवटी पोलीस आयुक्त फिलिप गेम यांनी मोझलीला पश्चिमेकडे वळायला सांगितलं.

मारामारी झाली ती पोलिसांशी, काळ्या शर्टवाल्यांशी जवळजवळ नाहीच. दीडशेच्या आसपास लोक पकडले गेले, काहींना सक्तमजुरी झाली. संयोजकांनी प्रथमोपचाराची ठिकाणं उभी केली होती, सायकलवरून निरोप पोचवणारे होते, वकिलांची सोय होती. या तयारीबद्दल फारसं लिहिलं जात नाही, पण एवढ्या गर्दीत कुणी मेलं नाही याचं काही श्रेय तिलाही द्यायला हवं.

आणि नंतर? पुढच्याच रविवारी, ११ ऑक्टोबरला, डावे विजययात्रा काढत असताना माइल एंड रोडवर दीडशे-दोनशे तरुणांनी ज्यूंच्या दुकानांच्या काचा फोडल्या, लोकांना मारलं. त्यानंतर तीन दिवसांनी मोझलीने ईस्ट एंडमध्ये मोठी सभा घेतली. पोलिसांच्या गुप्त अहवालांनुसार तिला फारसा विरोध झाला नाही, आणि त्याच महिन्यात लंडनमध्ये त्याच्या संघटनेत हजारोंची भर पडली. मार्च १९३७ च्या लंडन कौंटी कौन्सिल निवडणुकीत बेथनल ग्रीनच्या ईशान्य भागात फॅसिस्टांना २३ टक्के मतं मिळाली. केबल स्ट्रीटने फॅसिझम संपला असं म्हणणाऱ्याने या आकड्यापाशी क्षणभर थांबावं. सरकारने डिसेंबरात पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्ट आणला, १ जानेवारी १९३७ पासून तो लागू झाला. त्याने राजकीय गणवेशावर बंदी आली, ती मोझलीला झोंबली. पण त्याच कायद्याने पोलिसांना मोर्चे बंद करण्याचा अधिकार दिला, आणि तो पुढे डाव्यांवरही वापरला गेला.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं ते यानंतरचं जेकब्ज आणि पिरातिन यांचं भांडण. दोघं एकाच पक्षाचे, एकाच भागातले. जेकब्जचं म्हणणं : फॅसिस्ट कोपऱ्याकोपऱ्यावर सभा घेतात, ज्यू मुलांना रस्त्यात गाठून मारतात, तेव्हा रोज तिथे त्यांच्यासमोर उभं राहायलाच हवं, पक्षाने यातून अंग काढलं तर लोक एकटे पडतील. पिरातिनचं म्हणणं : मोझलीच्या सभेला जाऊन पाहिलं तर त्याच्यामागे चालणारे आपल्याच गल्लीतले गरीब कामगार आहेत. त्यांना झोडपलं तर ते त्याच्याकडेच राहतील. ते राहतात त्या घरांचं बघा.

पिरातिन आणि त्याचे साथी नुसतं बोलून थांबले नाहीत. जून १९३७ मध्ये पॅरागॉन मॅन्शन्स नावाच्या भाड्याच्या इमारतीत दोन कुटुंबांना घराबाहेर काढण्याचे हुकूम निघाले. दोन्ही कुटुंबं मोझलीच्या संघटनेची सभासद. कम्युनिस्ट कार्यकर्ते त्यांच्या दाराशी गेले, मदत हवी का विचारलं. संघटनेकडे मदत मागितली का, तर मागितली होती, कुणी फिरकलं नव्हतं. मग सगळ्या इमारतीतल्या भाडेकरूंना उभं केलं, जिने अडवले, बेलीफ आणि पोलीस आले तेव्हा त्यांना वर चढू दिलं नाही. घरमालकाला माघार घ्यावी लागली, वाटाघाटीला वेळ मिळाला. पिरातिन सांगतो की त्यानंतर त्या लोकांनी सभासदत्वाची कार्डं फाडली. सांगणारा तोच असल्यामुळे थोडी सूट धरून वाचावं. पण यातून उभी राहिलेली स्टेपनी टेनंट्स डिफेन्स लीग खरी, १९३९ मधला लँगडेल मॅन्शन्सचा महिनोन् महिने चाललेला भाडेबंद खरा, आणि १९४५ मध्ये माइल एंडमधून पिरातिन कम्युनिस्ट खासदार म्हणून निवडून आला हेही खरं. भाडेकरूंच्या बाबतीत या माणसांनीही जिने अडवलेच होते. हुकूम मोडायला ते तयार होते. फरक एवढाच की कशासाठी अडवायचं हे इमारतीतल्या लोकांना आपलं वाटत होतं.

जेकब्जला पुढे पक्षातून काढलं. त्याचं म्हणणं मात्र सगळं चूक नव्हतं. रस्त्यात मार खाणाऱ्या पोराला भाडेबंदाची वाट बघायला सांगता येत नाही. युद्धानंतर हेच पुन्हा घडलं. १९४६ मध्ये सैन्यातून परतलेल्या ज्यू तरुणांनी ४३ ग्रुप काढला, पहिल्या बैठकीला त्रेचाळीस जण होते म्हणून हे नाव. डॉल्स्टनच्या रिडली रोडवर फॅसिस्ट सभा ते उधळत. बोर्ड ऑफ डेप्युटीजला हे अजिबात पसंत नव्हतं. १९५० मध्ये गरज संपली असं ठरवून त्यांनी आपण होऊन संघटना विसर्जित केली. हे फार थोड्या संघटनांना जमतं.

इथे जर्मनीचा मुद्दा येतोच, कारण दोन्ही बाजू तिचाच दाखला देतात. एक बाजू म्हणते की तिथे रस्त्यावर वेळीच ठेचलं असतं तर हिटलर आला नसता. यात एक मोठी चूक आहे : जर्मनीत रस्त्यावरची लढाई कमी झाली असं नाही, ती भरपूर झाली. कम्युनिस्टांची लढाऊ संघटना होती, सोशल डेमोक्रॅट्सची राइशबॅनर आणि नंतर आयर्न फ्रंट होती. ‘भेटतील तिथे फॅसिस्टांना ठोका’ ही घोषणा कम्युनिस्टांनी काही काळ चालवली. ऑगस्ट १९३१ मध्ये बर्लिनच्या ब्यूलोप्लाट्झवर दोन पोलीस अधिकाऱ्यांचा खून झाला, आणि नोव्हेंबरात पक्षाच्या केंद्रीय समितीला वैयक्तिक दहशतीविरुद्ध ठराव करावा लागला, कारण तरुण पोरं हाताबाहेर चालली होती आणि सरकारला बंदीसाठी निमित्त मिळत होतं. १७ जुलै १९३२ ला अल्टोनात नाझी मोर्च्याच्या वेळी अठरा माणसं मेली. बहुतेक पोलिसांच्या गोळ्यांनी. तीन दिवसांनी चॅन्सेलर पापेनने तेच कारण दाखवून प्रशिया या राज्याचं सोशल डेमोक्रॅट सरकार बरखास्त केलं. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट्सना २०.४ आणि कम्युनिस्टांना १६.९ टक्के मतं होती, नाझींना ३३.१. बेरीज करून बघा. ते दोघं एकमेकांना मुख्य शत्रू मानत राहिले. कमतरता हातांची नव्हती.

आता पुन्हा लंडन, १३ ऑगस्ट १९७७. नॅशनल फ्रंट या अतिउजव्या, वंशद्वेषी पक्षाने न्यू क्रॉसपासून लुइशमकडे मोर्चा जाहीर केला, कारण तिथे काळ्या लोकांची वस्ती. स्थानिक पातळीवर चर्च, मजूर पक्ष, कम्युनिस्ट, कामगार संघटना यांची सर्वांची मिळून आघाडी होती. तिने सकाळी, फ्रंटच्या मार्गापासून दूर, शांततेचा मोर्चा काढला, चार-पाच हजारांचा. सोशलिस्ट वर्कर्स पार्टीने दुपारी क्लिफ्टन राइजला जमायला सांगितलं, म्हणजे फ्रंट जिथून निघणार तिथेच. कम्युनिस्ट पक्षाचा याला उघड विरोध होता. प्रत्यक्षात सकाळच्या मोर्च्यातले पुष्कळ लोक दुपारी तिकडे गेले, आणि स्थानिक काळी तरुण मुलं कुणाचंच पत्रक न वाचता उतरली. फ्रंटची रांग मधून तुटली, शेवटी पोलिसांनी त्यांना गाडीने बाहेर काढलं. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर पोलिसांनी दंगलीच्या ढाली पहिल्यांदा वापरल्या त्या त्या दिवशी. दोनशेहून जास्त लोक पकडले गेले, शंभराहून जास्त जखमी. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं आणि मजूर पक्षाचे बडे नेते यांनी सोशलिस्ट वर्कर्स पार्टीला फ्रंटच्याच रांगेत बसवलं.

त्या टीकेतून त्या पक्षाने शहाणपण घेतलं असं मी म्हणेन. नोव्हेंबर १९७७ मध्ये अँटी नाझी लीग निघाली, तिच्यात मजूर पक्षाचे अर्नी रॉबर्ट्स आले, वर्णभेदविरोधी कार्यकर्ता पीटर हेन आला, रॉक अगेन्स्ट रेसिझम या मोहिमेचे वादक आले. ३० एप्रिल १९७८ ला ट्रफाल्गर चौकातून हॅकनीच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत सुमारे ऐंशी हजार लोक चालत गेले, तिथे द क्लॅश आणि स्टील पल्स हे बँड वाजले. चार दिवसांनी, ४ मेच्या संध्याकाळी, कामावरून घरी निघालेल्या अल्ताब अली या चोवीस-पंचवीस वर्षांच्या बंगाली शिवणकामगाराचा व्हाइटचॅपलमध्ये खून झाला. १४ मेला हजारो बंगाली लोक त्याच्या शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालले. बंगाली वस्तीतल्या ब्रिक लेन या रस्त्याच्या वरच्या टोकाला दर रविवारी फ्रंटवाले आपला पेपर विकायला उभे राहत. ती जागा बंगाली पोरांनी आणि त्यांच्या मित्रांनी त्यांच्या आधी पोचून धरायला सुरुवात केली. आदल्या रात्रीपासून बसायचं, उठायचं नाही. यात मारामारीपेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि ती वस्तीत राहणाऱ्यालाच परवडते.

मग आला २४ सप्टेंबर १९७८. लीगचा दुसरा मोठा कार्निव्हल, म्हणजे तसाच मोर्चा आणि मैफल, दक्षिण लंडनच्या ब्रॉकवेल पार्कमध्ये ठरलेला. फ्रंटने त्याच दिवशी ईस्ट एंडमध्ये मोर्चा जाहीर केला. आता करायचं काय? कार्निव्हल रद्द करून सगळ्यांना ब्रिक लेनला न्यायचं, की कार्निव्हल चालू ठेवून काही जथे पाठवायचे? लीगने दुसरा मार्ग निवडला. पार्कात लाखाच्या आसपास लोक जमले, ब्रिक लेनला त्यांच्या तुलनेत अगदी थोडे पोचले. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गर्दी हलवायला वाहनं लागतात, ठरलेली वेळ लागते, आणि मंचावरून स्पष्ट सूचना लागते. यातलं काहीही पुरेसं नव्हतं. फ्रंटचा मोर्चा निघाला, पार पडला. लहान डाव्या गटांनी याला विश्वासघात म्हटलं. लीगच्या बाजूचे म्हणाले की एक लाख तरुणांसमोर वंशद्वेष लाजिरवाणा ठरवणं हाही विरोधच आहे. मला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसतं, पण ब्रिक लेनच्या लोकांना आधी विचारलं असतं तर निर्णय वेगळा झाला असता, याबद्दल शंका नाही.

पश्चिम लंडनच्या साउथॉलला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, तिथे निर्णय भारतीयांच्याच हातात होता, आणि तरी मतभेद होते. २३ एप्रिल १९७९ ला साउथॉल टाउन हॉलमध्ये नॅशनल फ्रंटची निवडणूक सभा. तिथे पंजाबी वस्ती मोठी. इंडियन वर्कर्स असोसिएशनने आदल्या दिवशी दहा हजार सह्यांचं निवेदन घेऊन मोर्चा काढला, सभेच्या दिवशी दुपारी एकला दुकानं बंद आणि पाचला टाउन हॉलसमोर शांतपणे बसून राहायचं असं ठरवलं. साउथॉल यूथ मूव्हमेंटच्या पोरांना हे बुळचट वाटलं. १९७६ मध्ये गुरदीप सिंग चग्गरचा खून झाल्यावर ही संघटना उभी राहिली होती, वडीलधाऱ्यांच्या निवेदनांवर तिचा विश्वास उरला नव्हता. शेवटी दोन्ही बेत पोलिसांनीच मोडले. पावणेतीन हजार पोलीस आणून मधला भाग आधीच बंद केला, त्यामुळे बसायला जागाच राहिली नाही, आणि लोक नाक्यानाक्यांवर तुकड्यांत विखुरले. जखमींना जिथे उपचार दिले जात होते त्या पीपल्स युनाइट या केंद्रातही पोलीस घुसले. ब्लेअर पीच हा न्यूझीलंडचा शिक्षक, लीगचा कार्यकर्ता, डोक्यात फटका बसून मेला. तो फटका बहुधा पोलीस अधिकाऱ्याचा होता असा निष्कर्ष पोलिसांच्याच अंतर्गत चौकशीने काढला होता, आणि तो अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०१० मध्ये. सातशेच्या आसपास लोक ताब्यात घेतले, साडेतीनशेच्या सुमारास खटले, तेही साउथॉलपासून दूर बार्नेटच्या न्यायालयात. म्हणजे तारखेला जायचं तर आरोपीचा, साक्षीदाराचा, वकिलाचा सगळा दिवस जाणार.

‘शांत राहिलात तर पोलीस मारणार नाहीत’ हे म्हणणं साउथॉलने खोटं पाडलं. ‘पोरं भडकली म्हणून झालं’ हेही.

स्वसंरक्षणाची सीमा कुठे, हा प्रश्न ब्रॅडफर्डच्या बारा जणांच्या खटल्यात ज्युरीपुढे आला. जुलै १९८१ मध्ये फॅसिस्ट येणार अशी बातमी पसरली, काही आशियाई तरुणांनी अडतीस पेट्रोल बॉम्ब करून ठेवले, ते वापरले गेले नाहीत, पोलिसांना सापडले. बाराही जणांवर कटाचा आरोप. त्यांनी नाकारलं नाही, स्वसंरक्षण हा गुन्हा नाही असं म्हटलं. जून १९८२ मध्ये लीड्सच्या ज्युरीने सगळ्यांना सोडलं. डाव्यांमध्ये हा निकाल आजही दोन्ही बाजूंनी वापरला जातो. मला त्यातला एक भाग महत्त्वाचा वाटतो : बचाव टिकला तो खऱ्या, नजीकच्या धोक्याच्या पुराव्यावर, त्या भागात आधी झालेल्या हल्ल्यांच्या नोंदींवर. ‘फॅसिझम वाईट आहे’ एवढ्यावर ज्युरी गेली नाही. या निकालाला सरसकट परवाना समजणं धोक्याचं आहे.

एकीकडे वस्तीची मुलं स्वतःचं रक्षण करत असताना दुसरीकडे पथकं तयार झाली. लीगच्या सभांना संरक्षण द्यायला सोशलिस्ट वर्कर्स पार्टीने जी दणकट पोरं उभी केली होती, त्यांतल्या काहींना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पथकबाजी’चा ठपका ठेवून काढून टाकलं. त्यांनी रेड अ‍ॅक्शन काढली. १९८५ मध्ये अँटी फॅसिस्ट अ‍ॅक्शन निघाली, तिच्यात रेड अ‍ॅक्शन, अराजकवादी आणि इतर होते. धोरण दुहेरी : शारीरिक सामना आणि वैचारिक सामना. १२ सप्टेंबर १९९२ ला वॉटर्लू स्टेशनवर त्यांनी ब्लड अँड ऑनरच्या मैफलीला येणाऱ्या नवनाझींना गाठलं, ही त्यांची सर्वांत गाजलेली चकमक. पुन्हा सुरू झालेल्या अँटी नाझी लीगला ते तुच्छतेने बघत, म्हणत की ही मंडळी फलक हलवून घरी जातात. लीगवाले म्हणत की बंद खोलीत ठरवलेली लढाई म्हणजे सामान्य माणसाला प्रेक्षक करून टाकणं.

इथे मी लीगच्या बाजूचा आहे. पथकाला गुप्तता लागते, गुप्ततेने वस्तीशी नातं तुटतं, बायका, म्हातारी माणसं, नोकरी जाईल अशी भीती असलेले लोक आपोआप बाहेर पडतात. मग नेतृत्व भांडणात तरबेज असलेल्यांकडे जातं, आणि प्रत्येक राजकीय अडचणीला त्यांच्याकडे एकच उत्तर असतं. गुप्त संघटनेत कोण कुठून आलं हे विचारायची सोय नसते. १९६८ पासून गुप्त पोलीस अधिकारी डाव्या संघटनांमध्ये खोट्या नावांनी राहत होते, हे आता सरकारी चौकशीतच मांडलं गेलं आहे. ब्लेअर पीचला न्याय मागणाऱ्यांवरही पाळत होती. आणि हिंसेची चटक कुठवर नेते, तर रेड अ‍ॅक्शनशी संबंधित माणसाला १९९३ च्या लंडनच्या हॅरॉड्स दुकानाबाहेरच्या आयआरए (आयरिश सशस्त्र संघटना) बॉम्बस्फोटासाठी तीस वर्षांची शिक्षा झाली. फॅसिस्टविरोधाशी त्या बॉम्बचा काहीही संबंध नव्हता, किंमत मात्र त्या चळवळीने मोजली.

पथकांचं खरं अपयश मात्र दुसरीकडे आहे, आणि ते त्यांनी स्वतःच आधी ओळखलं, याबद्दल त्यांना मान द्यायला हवा. १६ सप्टेंबर १९९३ ला आयल ऑफ डॉग्जमधल्या मिलवॉल प्रभागात ब्रिटिश नॅशनल पार्टी (बीएनपी) या अतिउजव्या पक्षाचा डेरेक बीकन सात मतांनी नगरसेवक झाला. प्रश्न घरवाटपाचा होता. मे १९९४ मध्ये तो हरला, तोही त्याची मतं वाढलेली असताना, कारण विरोधात मतदान प्रचंड झालं. पण पक्षाने धडा घेतला : यापुढे मोर्चे नाहीत, मारामाऱ्या नाहीत, दारोदार फिरायचं. रस्त्यावर समोर कुणी येईनासंच झालं तर रस्त्यावर मारणाऱ्याने करायचं काय? १९९५ मध्ये अँटी फॅसिस्ट अ‍ॅक्शनमधल्या एका गटाने ही पोकळी भरा असा प्रस्ताव मांडला आणि त्यातून इंडिपेंडंट वर्किंग क्लास असोसिएशन निघाली, म्हणजे फिरून पॅरागॉन मॅन्शन्सच्या दाराशी. काही प्रभागांपलीकडे तिची ताकद गेली नाही. बीएनपी मात्र वाढत राहिली : २००६ मध्ये बार्किंग अँड डॅगनमला बारा नगरसेवक, २००९ मध्ये युरोपीय संसदेत दोन जागा. २०१० मध्ये बार्किंगचे बाराही पडले, ते दारोदार प्रचाराने आणि मतदान वाढवल्याने.

सरकारकडे बंदी मागायची की नाही, हे भांडण वेगळं वाटतं, पण आहे त्यातलंच. सप्टेंबर २०११ मध्ये इंग्लिश डिफेन्स लीग ही मुस्लिमविरोधी संघटना ईस्ट एंडमधल्या टॉवर हॅम्लेट्सला येणार होती. तिच्यावर बंदी घाला म्हणून निवेदनं गेली. गृहमंत्री थेरेसा मे यांनी बंदी घातली, पण लंडनच्या पाच बरोंमध्ये, म्हणजे नगर विभागांत, तीस दिवस सगळ्याच मोर्च्यांवर. फॅसिस्टविरोधी मोर्चाही त्यात गेला. कायदा फक्त एकाच बाजूचा मोर्चा थांबवत नाही, हे १९३६ पासून माहीत असताना पुन्हा तीच मागणी करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

दोन वर्षांनी, ७ सप्टेंबर २०१३ ला, तीच इंग्लिश डिफेन्स लीग पुन्हा आली. युनाइट अगेन्स्ट फॅसिझमने ठरलेल्या जागी सभा घेतली. अँटी फॅसिस्ट नेटवर्कच्या काही शे लोकांनी ती सभा सोडून लीगच्या मार्गाकडे चालायला सुरुवात केली. पोलिसांनी त्यांना घेरलं, तासन् तास कोंडून ठेवलं आणि २८६ जणांना अटक केली, बसमध्ये घालून लांबलांबच्या ठाण्यांत नेलं. आरोप अगदी थोड्यांवर ठेवले गेले, पण जामिनाच्या अटींत अशा निदर्शनांना जायला मनाई आली. म्हणजे खटला न चालवताच काही महिने माणसं बाहेर.

यात काय काय चुकतं ते या कामातल्यांना पाठ आहे. १९८६ च्या पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्टच्या चौदाव्या कलमाखाली पोलीस जागा आणि वेळ ठरवून देतात. तेव्हाच्या कायद्यात ती अट माहीत असून मोडली हे सिद्ध करावं लागे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर ‘माहीत असायला हवी होती’ एवढं पुरतं. तेव्हा सभा सोडून दुसरीकडे जायचं तर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी स्पष्ट सांगायला हवं की इथून पुढे अटकेचा धोका आहे. ज्याच्या व्हिसाचा प्रश्न आहे, ज्याचं मूल शाळेतून आणायचं आहे, त्याला मागे फिरायची वेळ मिळायला हवी. पन्नास-शंभर माणसांमागे एक स्वयंसेवक, ज्याला बाहेर पडायच्या दोन तरी वाटा माहीत आहेत. वकिलाचा नंबर कागदावर, फोनमध्ये नाही, कारण फोन आधी जप्त होतो. ठाण्याबाहेर शेवटचा माणूस सुटेपर्यंत कुणीतरी थांबायचं, खायला आणि घरी जायच्या भाड्यासकट. आणि दोन गट वेगळे मार्ग घेणार असतील तर ते आदल्या आठवड्यात एकमेकांना सांगायचं. वेगळं वागणं चालतं. आपल्या मागे गर्दी लपवून पुढे दगड मारणं चालत नाही, कारण घोडे गर्दीवर येतात.

३० जुलै २०२४ पासून साउथपोर्टमधल्या तीन लहान मुलींच्या खुनांच्या निमित्ताने इंग्लंडभर दंगली झाल्या, रॉदरमजवळ आश्रय मागणाऱ्या परदेशी लोकांना ठेवलेलं हॉटेल पेटवायचा प्रयत्न झाला. ७ ऑगस्टला वॉल्थमस्टो, ब्रायटन, लिव्हरपूल इथे हजारो लोक रस्त्यांवर उभे राहिले आणि समोरून येणारे आलेच नाहीत. वॉल्थमस्टोच्या त्याच सभेत मजूर पक्षाच्या एका नगरसेवकाने दंगलखोरांचे गळे कापायची भाषा केली. पुढे ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं, पण तोवर वर्षभर उजव्यांनी ती चित्रफीत फिरवली, आणि त्या दिवशी मुकाट्याने उभ्या राहिलेल्या हजारोंबद्दल कुणी बोललं नाही. डाव्यांतही ‘रागाच्या भरात बोलला’ म्हणणारे निघाले. मला ते पटत नाही. माईक हातात असलेल्याला ती सूट नाही.

१३ सप्टेंबर २०२५ ला इंग्लिश डिफेन्स लीगचा संस्थापक टॉमी रॉबिन्सन याच्या हाकेवर लंडनमध्ये जमलेल्यांचा पोलिसांचा अंदाज एक लाख दहा हजार ते दीड लाख होता. विरोधात सुमारे पाच हजार. केबल स्ट्रीटचं गणित उलटं झालं आहे, आणि ‘त्यांना चालू देऊ नका’ ही घोषणा या आकड्यांपुढे निव्वळ घोषणा आहे. मग आता ब्रिटिश डाव्यांच्या बैठकांत वाद चालतो तो असा : पुढच्या मोर्च्यासाठी कामगार संघटनांकडून पन्नास हजार माणसं आणायला वर्षभर खर्च करायचं, की लंडनजवळच्या एपिंगसारख्या गावांत, जिथे २०२५ मध्ये आश्रय मागणाऱ्यांच्या हॉटेलबाहेर वारंवार विरोधकांची गर्दी जमत होती, तिथे घरभाडं आणि दवाखान्याच्या रांगा यांवर काम सुरू करायचं. दोन्ही करा असं सगळेच म्हणतात. माणसं तेवढी नाहीत, तेव्हा कुठली शाखा काय सोडणार हे कुणाला तरी बैठकीत उठून सांगावं लागेल. मी असतो तर हॉटेलच्या रस्त्यावरची घरं आधी घेतली असती.